साबणाला चिकटलेला तळ

६ फेब्रुवारी

धाकटे,

आधी आशीर्वाद घे, मग हातातलं काम बाजूला ठेव आणि बस. हे पत्र उभ्या उभ्या वाचायचं नाही.

तू होडी घेतलीस! तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुझ्या शेजारणीने घेतली. लेकीला दाखवलं तर ती टाळ्या पिटत म्हणाली, "आत्याने कमाल केली!" कमाल कसली? अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्याला तेल चोळतात, आणि तू अठरा फुटी होडी घेऊन एकटी गळाची मासेमारी करणार. चाळीस वर्षं जाळ्यांच्या शेडमध्ये बसून लोकांची फाटकी जाळी विणलीस, तेवढं पुरे नव्हतं का?

लेक म्हणते, फोन करा. फोनवर मला नुसती भुणभुण ऐकू येते. इंजिनाशेजारी बसून कानांचं वाटोळं झालं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, तेव्हा गोड मानून घे.

त्या तुझ्या बंदराच्या मुकादमाचं मात्र मला अजून नीट कळलं नाही. मला समजलं ते असं: बंदरात, खोल पाण्यात, होडी उभी करायला जागा हवी असेल तर २८ मार्चला, पुनवेच्या उधाणाला, सकाळच्या ओहोटीपासून संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत तुझी होडी नांगरावर एकटी उभी राहिली पाहिजे. तू धक्क्यावर, होडीत कोणी नाही. जागची हलली तर जागा नाही, मग खाडीत जा. आणि खाडीत निम्मा दिवस होडी चिखलात बसलेली असते, म्हणजे निम्मा धंदा बुडाला. बरोबर ना? ही अट सगळ्यांना घातली की फक्त तुला?

ते असो. नांगराची चिंता करू नकोस. आबांचा नांगर माझ्या खाटेखाली आहे. चार नख्यांचा. लोहाराच्या डोक्यावर उभं राहून आबांनी घडवून घेतलेला. इकडे डोंगरात लेकीकडे राहायला आलो तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं, नांगर मात्र बरोबर आणला. दर महिन्याला तेल लावतो. लेक म्हणते, "बाबा, केर काढताना रोज पायाला लागतो." आता लागणार नाही. गोणपाटात गुंडाळून लॉरीने पाठवला आहे. आबांची होडी गेली ती दोर तुटून. नांगराचा त्यात काही दोष नव्हता, हे तुला माहीत आहेच.

होडीला भोक वगैरे नाही ना? इंजिन जुनं की नवं? पोहायला येतं तुला अजून? पोचल्याचं लगेच कळव.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

दादा,

बसले. बसूनच लिहितेय.

नांगर पोचला. लॉरीवाल्याने तो दारात ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने काय मेलेला खेकडा पाठवलाय?" देखणा आहे हं. एकेक नखी अजून तशीच. मी आल्या आल्या त्याला दोर लावला. गाठ नाही मारली, दोराचे पीळ उसवून परत दोरातच विणून कडी केली. एवढं मला येतं.

अट सगळ्यांना आहे म्हणे. पण गेल्या साली तिघांना जागा दिली तेव्हा कोणी ती घातल्याचं कोणाला आठवत नाही. मुकादम म्हणाला, "तुमची होडी सुटली तर आमच्या होड्यांवर येऊन आदळेल, मावशी." माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे, आणि म्हणे मावशी!

होडीला भोक नाही. इंजिन जुनं आहे पण बोलकं आहे. पोहता येतं.

एक विचारायचं होतं. आबा किती दोर सोडायचे रे?

तुझी धाकटी

२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं आणि माझा ऊर भरून आला. देखणा आहे ना! मी सांगत नव्हतो? आमच्या इमारतीखाली घड्याळजीचं दुकान आहे, त्यापुढच्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसतो. मी तिथे सगळ्यांना सांगितलं, आमच्या आबांचा नांगर पुन्हा पाण्यात गेला. घड्याळजी माझ्या उजव्या कानात ओरडला, "बहिणीला दिलास? मला वाटलं, तू त्याच्यासकट सरणावर जाणार." चेष्टेखोर माणूस आहे.

आता दोराचं ऐक. दोर वावांत मोजायचा. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. नुसती खोली मोजून तेवढाच दोर सोडलास तर नांगर सरळ वर ओढला जाईल आणि उपटेल. पाण्याच्या पाचपट सोडायचा, वारा असला तर सातपट. आबा असंच करायचे.

पण हे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की तुझे हात माझ्यापेक्षा आखूड आहेत. चांगले वीतभर तरी. म्हणजे तू सात वाव म्हणशील ते माझे सहाच भरणार! या विचाराने दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तू असं कर, प्रत्येक वावाला वीतभर जास्त धर. की दीड वीत? लेकीला विचारलं तर ती हसते आणि सांगत काही नाही.

दोराचं दुसरं टोक होडीला आधी बांध, नांगर मग सोड. हसू नकोस. दोरासकट नांगर समुद्राला दान केलेली शहाणी माणसं मी पाहिली आहेत.

पाकीट बंद केलं होतं, ते परत उघडलं. तू दोराचं का विचारलंस? नवीन माणूस विचारतो नांगर किती जड, किती मोठा. दोर किती, हे विचारतो तो, ज्याची होडी एकदा तरी सरकली आहे. खरं सांग. होडी सरकली का?

सरकली असेल तर एक काम कर. शिशाचं वजन घे, त्याला बारीक दोरी बांध, आणि वजनाच्या बुडाला कपडे धुण्याचा साबण ओला करून जाड थापून लाव. ते होडीतून तळापर्यंत सोड, टेकलं की दोनदा आपट, आणि वर घे. तळाला जे असेल ते साबणाला चिकटून येतं. आबा असाच तळ बघायचे. तीन-चार जागांचं काढ, कागदात बांध, कुठलं ते वर लिही आणि मला पाठव. पाठवशील ना? टपालात चिखल घेतात का?

दादा

६ मार्च

दादा,

तुला ऐकू येत नाही, पण तुझ्यापासून काही लपत मात्र नाही.

सरकली. दोनदा. तू एवढ्या हौसेने पाठवलास, म्हणून लिहिलं नाही.

पहिल्यांदा धक्क्याच्या टोकाशी, मुकादमाने दाखवलेल्या जागेवरच. नांगर टाकला आणि डबा उघडून जेवायला बसले. समोर बर्फाच्या कारखान्याची चिमणी आणि तिच्या बरोब्बर पुढे झेंड्याचा खांब, अशी खूण धरली होती. दोन घास खाल्ले तर खांब चिमणीच्या डावीकडे. आणखी दोन घास, आणि खांब आणि चिमणीच्या मध्ये अख्खं देऊळ मावेल एवढी जागा. धक्क्यावरून मुकादम ओरडला, "मावशी, होडी फिरायला निघाली, तुम्ही पण चाललात वाटतं!" सगळे हसले. डबा तसाच टाकून इंजिन सुरू केलं. दुसऱ्यांदा जास्त दोर सोडला, तेव्हा सावकाश सरकली, पण सरकलीच.

हातांचं तू काळजीत आहेस म्हणून सांगते. पाण्याची खोली मी माझ्याच हातांनी मोजते आणि दोरही माझ्याच हातांनी. हात दोन्हीकडे सारखेच आखूड. सातपट ती सातपटच. जेव आता पोटभर.

सोबत तीन पुड्या. पहिली बर्फाच्या कारखान्यासमोरची. दुसरी मुकादमाच्या जागेची. तिसरी बाहेरच्या खडकाच्या कडेची, जिथे मासा लागतो. तिथून वर काहीच आलं नाही, नुसता साबण ओरखडला, म्हणून त्या साबणाचाच तुकडा कापून पाठवतेय. टपालातल्या बाईने विचारलं आत काय. म्हटलं, समुद्र. तिने शिक्का मारला.

बावीस दिवस उरलेत, दादा. मला खाडीत जायचं नाही. खाडीतून बाहेर पडायला पाण्याची वाट बघावी लागते. मी उभ्या जन्मात वाटच बघितली आहे.

धाकटी

१३ मार्च

धाकटे,

हातांचं बरोबर आहे. माझ्या डोक्यात आलं नाही. लेक म्हणते, आत्या दहावी झाली ते उगाच नाही.

पुड्या मिळाल्या. लेकीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बशीत काढल्या, तर तिने मला बशीसकट गॅलरीत हाकललं. तिथे उन्हात बसून बोटांनी चोळून पाहिल्या. जिभेलाही लावल्या, हे तिला सांगू नकोस.

पहिली पुडी मोकळ्या वाळूची, तिथे थांबूच नकोस. दुसरीत वर चिमूटभर वाळू आणि खाली निळसर चिकट चिखल. बोटाला लागला तो तीनदा धुवावा लागला. फार चांगला तळ आहे, मुकादमाने वाईट जागा दिलेली नाही. तिसऱ्या साबणावर खडकाचे ओरखडे आहेत.

आता लिहायला जड जातंय, पण लिहितो. आबांचा नांगर तिथे कामाचा नाही. चार नख्या खडकाच्या फटीत अडकतात, त्यासाठीच तो केलेला. चिखलात त्या बारीक नख्या लोण्यातून काटा ओढावा तशा जातात. तुला लागेल तो दोन पात्यांचा. मधे दांडा, खाली आडव्या सळीवर हलणारी दोन रुंद टोकदार पाती. तळाला टेकला की पाती झुकतात, आणि ओढ बसेल तशी आणखी खोल शिरतात. तुझ्या होडीला सहा किलोच्या आतला नको. दुकानदार हलका, चकचकीत दाखवेल, चकाकी बघू नकोस. हलवून पाती अडकत नाहीत ना, ते बघ. नांगर आणि दोर यांच्यामध्ये तीन वाव साखळी घाल. साखळी वजनाने खाली पडून राहते, त्यामुळे ओढ आडवी बसते. साखळी जोडायच्या लोखंडी कडीचा, शॅकलचा, खिळा आपोआप सैल होतो, त्याला तारेने बांध. विसरू नकोस.

आणि फेकू नकोस. नवशिके फेकतात, मग साखळी नांगरावरच ढीग होऊन पडते. होडी वाऱ्यात थांबू दे, मागे जाऊ लागली की हाताने हळूहळू सोड. नांगर टेकला की मागे जात जात दोर दे. सगळा दिलास की टोक पक्कं कर आणि इंजिन उलटं चालवून सावकाश ओढ. दोरावर हात ठेव. दोर थरथरला तर नांगर घसरतोय. तारेसारखा ताठ झाला आणि गप्प राहिला तर बसला.

आता दोर. हा आकडा तुला पटावा म्हणून एक सांगायला हवं. बावन्न वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

आबांची होडी दोर तुटून गेली नाही. मी घालवली.

तेव्हा मी एकोणीसचा होतो, तू सहाची. आबा तापाने पडले होते. म्हणाले, होडी बाहेर उभी कर आणि होडीतच थांब, पाणी चढलं की आणखी दोर दे. मी ओहोटीला खोली मोजली. दोन वाव. पाचपट म्हणजे दहा वाव दोर सोडला. हिशोब चोख. आणि होडीत थांबलो नाही. नवा पांढरा सदरा शिवून आला होता आणि त्या दिवशी गावात फोटोवाला आला होता. सगळे मित्र चालले होते. म्हटलं, फोटो काढून येतो, एवढ्यात काय होतंय. तिथे रांग होती. पाणी चढून चार वावांवर गेलं. दहा वाव दोर, तो आता दुप्पट-अडीचपटच राहिला. होडीने नांगर उचलला आणि खडकावर गेली.

मी पोहोचलो तेव्हा फळ्या तरंगत होत्या. दोर अख्खा होता. मी चाकूने तो कापला आणि घरी येऊन सांगितलं, दोर तुटला. आबांनी दोराचं टोक हातात घेऊन पाहिलं. मग तो गुंडाळून ठेवला. नांगर मी पुढच्या ओहोटीला बुडी मारून वर काढला. त्यानंतर वीस वर्षं ते दुसऱ्याच्या होडीवर राबले. तुला सातव्या वर्षी होडीवर नेणार होते, ते कबूल केलेलं तुझ्या आठवणीत असेल. दुसऱ्याच्या होडीवर मुलीला कसं नेणार?

तो नांगर मी तुला पाठवला. का पाठवला, ते मलाच कळत नाही. नांगर चांगला आहे असं इतकी वर्षं म्हणत आलो, की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तेव्हा खोली भरतीची धर, ओहोटीची नाही. त्यात होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची मिळव आणि मग सातपट कर. उधाण आहे, कमी करू नकोस. आणि पाणी उलटलं की होडी दोराच्या टोकाशी गोल फिरून पलीकडे जाते, तेवढी जागा चौफेर मोकळी ठेव. तेव्हाच पात्यांचा नांगर कधी सुटतो आणि पुन्हा बसतो. मला त्याचीच धास्ती आहे.

लिहिलं. आता तू काय म्हणायचं ते म्हण.

दादा

२४ मार्च

धाकटे,

अकरा दिवस झाले. पत्र पोचलं ना? टपालवाला आमच्या दारावरून जाताना आता माझ्याकडे बघतच नाही.

राग आला असेल तर दोन ओळींत राग लिही. तेवढा माझा हक्क नाही, पण तेवढं तरी कर. आणि राग आला म्हणून दोर कमी सोडू नकोस. राग माझ्यावर काढ, होडीवर नको.

शॅकलला तार बांधलीस का?

दादा

३० मार्च

दादा,

राग आला. दोन ओळींत मावला नसता, म्हणून लिहिलं नाही.

शिवणाच्या मशीनवर तुझा एक फोटो लावलेला आहे. पांढऱ्या सदऱ्यातला. लग्नानंतर घरं चार बदलली, तो प्रत्येक घरात पहिला लावला. येईल त्याला सांगायचे, बघा माझा दादा, कसा राजबिंडा होता. तुझं पत्र वाचलं आणि तो उतरवला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून उभा केला होता तुला.

मग एक आठवलं. आबांनी मला गाठी शिकवल्या, दोराचे पीळ उसवून विणायला शिकवलं, ते एका जुन्या दोरावर. मी सातेक वर्षांची असेन. तुटलेला दोर झाडूसारखा पिंजारतो रे. त्या दोराचं टोक सुरीने कापलेल्या साबणासारखं साफ होतं. मी आबांना म्हटलं, "हा तर कापलाय." ते म्हणाले, "असू दे. यावरच शीक." एवढंच. मग रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसायचे. म्हणायचे, "होडी नाही आपल्याकडे, पण हात आहेत." त्या दोरावर जे शिकले त्यावर चाळीस वर्षं जेवले, आणि ही होडी घेतली.

म्हणजे आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी तुला कधी विचारलं नाही, तर मी कशाला विचारू? फोटो परत लावलाय. पण होडीवर जायला मला एक्कावन्न वर्षं उशीर झाला, हे मी तुला वरचेवर ऐकवणार आहे. तेवढा माझा हक्क आहे.

आता परवाचं ऐक.

नांगर घेतला, दोन पात्यांचा, साडेसहा किलो. पाती हलवून पाहिली. तीन वाव साखळी. पहाटे उजाडता उजाडता जागेवर गेले. भरतीचं पाणी चार वाव, वर होडीची उंची अर्धा, सातपट म्हणजे साडेएकतीस. बत्तीस वाव दोर दिला. हाताने सोडला, फेकला नाही. उलटं इंजिन. दोरावर हात ठेवला तर दोर आधी थरथरला, मग एकदम ताठ, मग गप्प. कोणी खालून हात धरावा तसं वाटलं. मग मी दुसऱ्या एका होडीतून धक्क्यावर आले आणि स्टूल टाकून बसले.

दुपारपर्यंत काही नाही. पाणी चढलं, वारा उठला, होडी नाक वर करून उभी. मुकादम दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पाणी उलटत होतं. होडी हलली. सावकाश निघाली, चिमणीच्या पुढून, झेंड्याच्या पुढून. मुकादम ओरडला, "निघाली! मावशी, निघाली!" धक्क्यावरचे सगळे उठून उभे राहिले.

मी उठले नाही. म्हटलं, "फिरतेय. निघालेली नाही. दोर मी माझ्या हाताने मोजलाय. धक्क्याच्या तिसऱ्या खांबासमोर येऊन थांबेल."

"आणि नाही थांबली तर?"

"तर खाडीत जाईन. आणि थांबली तर मला मावशी म्हणायचं नाही."

दादा, तोंडाने एवढं बोलले, पण स्टूल मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पहिला खांब गेला. दुसरा गेला. तिसऱ्याशी आली आणि थांबेना. तीन-चार हात पुढे गेली. मला तुझी ती ओळ आठवली, कधी सुटतो आणि पुन्हा बसतो. मग दोर पाण्यातून वर आला, ताठ झाला, त्यावरून पाणी निथळलं, आणि होडीचं नाक वळलं. थांबली. तिथून संध्याकाळपर्यंत वीतभर हलली नाही. पलीकडची मोठी होडी तेवढ्यात दोनदा सरकली. मुकादमाचीच होती ती.

नांगर काढायचा होता तर निघेना. दोर आवळत नांगराच्या सरळ वर गेले, टोक बांधलं आणि होडीलाच उपटू दिलं. वर आला तेव्हा पाती दिसतच नव्हती. दांड्याच्या गळ्यापर्यंत निळा चिखल. मुकादमाने तो बोटाने काढून पाहिला आणि विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

म्हटलं, "माझ्या दादाने. डोंगरात राहतो."

"डोंगरात?"

"डोंगरात राहून माझ्या बंदराचा तळ ओळखला त्याने. साबणावरून."

जागा मिळाली. वहीत माझ्या होडीचं नाव लिहिलं. आता मला बाई म्हणतो.

त्या चिखलाची पुडी सोबत आहे. जिभेला लावू नकोस. आबांचा नांगर मी ठेवलाय, बाहेर खडकाच्या कडेला गळ टाकायला जाते तेव्हा तोच सोडते. तिथे असा अडकतो की काय सांगू. तो चांगलाच आहे, दादा. त्याला फक्त चुकीच्या जागी टाकलं होतं.

शॅकलला तार बांधली. दोन ठिकाणी.

धाकटी

७ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मी गॅलरीत बसून वाचलं. लेक मधे दोनदा विचारून गेली, बाबा, डोळ्यांत काय गेलं. म्हटलं, ऊन.

आबांना ठाऊक होतं, ती ओळ मी पाचदा वाचली.

पुडी खिशात घातली आणि खाली बाकावर गेलो. आता माझी पंचाईत बघ. मला तुझी फुशारकी मारायची होती. माझी बहीण, अठ्ठावन्न वर्षांची, पुनवेच्या उधाणाला तिची होडी खांब सांगून उभी राहिली! पण तुझं सांगायला लागलो की कोणीतरी विचारणारच, भरतीचं पाणी धरायचं हे तुला कोणी शिकवलं? आणि या बाकावर गेली चार वर्षं मी वादळाची गोष्ट सांगत आलो आहे. लाटा काय, वारा काय, दोर काय तुटतो. प्रत्येक वेळी लाट थोडी उंच होत गेली.

गप्प बसावं, असं मनात आलं. पण पुडी खिशात होती. काढून बाकावर उघडली.

"हे काय, पोटाचं औषध?" घड्याळजी म्हणाला.

म्हटलं, "माझ्या बहिणीच्या नांगराला लागलेला चिखल आहे. गळ्यापर्यंत गेला होता." आणि मग सगळं सांगितलं. पांढरा सदरा, फोटोवाला, दहा वाव, चाकू. कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पुडीकडे पाहत सांगितलं. मग तुझं सांगितलं. खांब सांगताना माझा आवाज इतका चढला म्हणे, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मला काय, ऐकू येत नाही.

सांगून झालं. मग घड्याळजी माझ्या कानाशी आला. "म्हणजे चार वर्षं तू आम्हाला ते वादळ फुकट ऐकवलंस?"

म्हटलं, "हो."

त्याने भिंग डोळ्याला लावलं, पुडीतला चिखल घड्याळाचं चाक बघावं तसा जवळून पाहिला, आणि परत नीट बांधून माझ्या हातात दिला. "पहिलीपेक्षा ही गोष्ट बरी आहे," म्हणाला. "पुन्हा सांग."

मे महिन्यात लेक मला तुझ्याकडे सोडेल. होडीवर नेशील ना? नांगर तू टाक, मी दोराला हात लावणार नाही. नुसता बसेन. या पत्रात तेवढा एकच प्रश्न आहे, मोजून पाहिलं.

आणि हो, गोष्ट मी पुन्हा सांगितली. या खेपेला सुरुवात तुझ्यापासून केली.

तुझा दादा